समजून घ्या : धान्यात कडुलिंबाचा पाला का ठेवतात? कीड लागल्यावर तो उपयोगी पडतो का?

एप्रिल-मे महिन्यात वर्षभराचा गहू, तांदूळ, कडधान्ये भरून ठेवण्याची पद्धत राज्यातील अनेक घरांत आजही आहे. पावसाळ्यात हवेतील ओलावा वाढला की याच धान्याला टोके आणि भुंगे लागतात. कडुलिंबाचा पाला हा त्यावरचा जुना उपाय. तो कुठे कामाला येतो, कुठे कमी पडतो आणि त्याऐवजी विषारी गोळ्या ठेवणे जिवावर कसे बेतू शकते, ते पाहू.

पाल्याने नेमके काय होते?

कडुलिंबात ॲझाडिरेक्टिनसारखे कडू घटक असतात. त्यामुळे किडे खाणे टाळतात, अळीची वाढही बिघडते. हे घटक निंबोळीत जास्त, पानांत कमी असतात. त्यामुळे पाला बाहेरून येणारी कीड काही प्रमाणात रोखतो. दाण्यात आधीच शिरलेली कीड मारत नाही.

डबा बंद असूनही किडे कुठून येतात?

सोंडकिड्याची मादी गहू-तांदळाच्या दाण्याला भोक पाडून आत अंडे घालते आणि भोक बुजवते. अळी आतच दाणा खाऊन वाढते. उबदार हवेत साधारण महिनाभरात किडा बाहेर पडतो. कडधान्यातला भुंगा मात्र दाण्यावरच अंडी घालतो. म्हणून मूग, चवळीला एरंडेल चोळतात. तेलाच्या पातळ थराखाली अंडी टिकत नाहीत.

धान्य भरताना काय कराल?

- गहू कडक उन्हात वाळवा. दाताखाली 'कट्' असा आवाज यायला हवा. पूर्ण गार झाल्यावरच कोठीत भरा.
- तांदूळ मात्र सावलीत पसरा. कडक उन्हात त्याची कणी होते.
- पाला सावलीत पूर्ण वाळवून थराथरात घाला. ओला पाला धान्यात ओलावा वाढवतो.
- कडधान्याला किलोमागे साधारण एक छोटा चमचा एरंडेल पुरते.
- कीड लागलीच, तर चाळून घ्या आणि गहू-कडधान्ये पुन्हा उन्हात घाला. थोडे धान्य असेल तर पिशवीत बंद करून किमान चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवा.

गोळ्या का नकोत?

ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळीचा हवेतील ओलाव्याशी संबंध आला की फॉस्फीन हा विषारी वायू तयार होतो. कोठी असलेल्या खोलीत झोपणाऱ्यांचा त्याने जीव जाऊ शकतो. या विषावर उतारा नाही. घरात या गोळ्या वापरण्यास सामान्य ग्राहकाला परवानगीही नाही. पाऱ्याच्या गोळ्या आणि बोरिक पावडरही खाण्याच्या धान्यात नको.

घरात अशी गोळी ठेवलेली असताना कुणाला मळमळ, उलट्या किंवा श्वासाचा त्रास सुरू झाला, तर सर्वांनी ताबडतोब घराबाहेर पडा आणि १०८ वर फोन करा. डॉक्टरांना गोळीबद्दल आवर्जून सांगा.