उन्हाला छत्र, त्वचेला लेप : घरगुती त्वचारक्षणाचा विचार

फाल्गुन सरत आला की जालना जिल्ह्यातील आयुर्वेद औषधालयांत एक ठराविक मागणी सुरू होते. मुलतानी माती, चंदनचूर्ण, अनंतमूळ, कोरफडीचा गर, खोबरेल ही द्रव्ये या काळात हातोहात खपतात. मृगाचा पाऊस पडला की यादीत निंबतेल, करंजतेल, कापूर व सिट्रोनेला तेल यांची भर पडते. मागणी करणारा रुग्ण अथवा ग्राहक तीन अपेक्षा एकत्र मांडतो. त्वचा चांगली राहावी, ऊन बाधू नये आणि डास चावू नयेत. शक्यतो या तिन्हींसाठी एकच ‘नैसर्गिक’ आणि घरी करता येण्याजोगा उपाय त्याला हवा असतो.

आमच्या मते येथेच वैद्याने व औषधालयचालकाने थोडे थांबले पाहिजे. त्वचेचे पोषण, उन्हापासून रक्षण आणि कीटकनिवारण ही तीन कार्ये भिन्न आहेत. आपल्या ग्रंथांनीही त्यांसाठी भिन्न उपाय सांगितले आहेत. ही भिन्नता विसरली गेली की उत्तम द्रव्यही अपायास कारण होते आणि त्याचा दोष शास्त्राच्या माथी येतो. प्रस्तुत लेखात या तीन कार्यांचा आपल्या जिल्ह्याच्या संदर्भात विचार केला आहे.

लेपाचे क्षेत्र

अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील बाविसाव्या अध्यायात मुखलेपाचा विधी आला आहे. दोषघ्न, विषघ्न व वर्ण्य असे त्याचे तीन प्रकार असून लेपाची जाडी अंगुळाचा चौथा, तिसरा अथवा अर्धा भाग सांगितली आहे. सहा ऋतूंसाठी सहा निरनिराळे लेपही तेथेच दिले आहेत. लेप ओला असेपर्यंतच ठेवावा, वाळलेला लेप त्वचेची कांती बिघडवतो, काढताना तो पुन्हा भिजवावा आणि त्यानंतर अभ्यंग करावा, असा वाग्भटाचार्यांचा स्पष्ट निर्देश आहे.

प्रचलित घरगुती पद्धत याच्या नेमकी उलट आहे. मुलतानी माती चेहरा ताणला जाईपर्यंत वाळू दिली जाते, खरवडून काढली जाते आणि नंतर तेलाचा थेंबही लावला जात नाही. चैत्र-वैशाखातील आपल्या कोरड्या हवेत रूक्ष त्वचेच्या व्यक्तीस याने भेगा, कंडू व दाह होणे स्वाभाविक आहे. माती देणाऱ्याने तिच्याबरोबर हा विधीही सांगितला, तर निम्म्या तक्रारी उद्भवणारच नाहीत.

याच प्रकरणात मुखलेप लावलेल्या व्यक्तीने वर्ज्य करावयाच्या गोष्टी सांगितल्या आहेत. दिवास्वाप, संभाषण, शोक, क्रोध व अग्नी यांच्या पंक्तीत तेथे आतप, म्हणजे ऊन, आले आहे. लेप लावून उन्हात जाऊ नये हा शास्त्राचा आदेश असताना, ‘ऊन लागू नये म्हणून’ लेप लावून शेतात जाण्याचा सल्ला आयुर्वेदाच्या नावाने दिला जावा, हे विचार करण्यासारखे आहे.

उन्हावर शास्त्राचा उपाय

मग उन्हासाठी ग्रंथकारांनी काय सांगितले? चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात छत्रधारण व पादत्रधारण यांचे गुण वर्णिले आहेत. वाग्भटाचार्यांनी दिनचर्येत छत्र व पादत्राण घेऊनच फिरावे असे म्हटले आहे आणि ग्रीष्मचर्येत सूर्यकिरण वर्ज्य सांगितले आहेत. सावली, आच्छादन आणि वेळेची निवड हीच ती त्रिसूत्री होय.

जालना सुमारे २० अंश उत्तर अक्षांशाजवळ आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात माध्यान्ही सूर्य येथे थेट डोक्यावर येतो आणि जुलैच्या उत्तरार्धात पुन्हा एकदा. त्या वेळी आभाळ भरलेले असले तरी अतिनील किरणांचा बराच भाग ढगांतून खाली पोहोचतो. आपल्याकडील कापूस वेचणारी, खुरपणी करणारी, अंबड-घनसावंगीच्या मोसंबी बागांत राबणारी माणसे दिवसाचे आठ-दहा तास उघड्यावर असतात. शेतमजूर भगिनी लुगड्यावर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात व डोक्या-तोंडाभोवती रुमाल गुंडाळतात. हा त्यांनी अनुभवातून शोधलेला छत्रविधीच आहे. घट्ट विणीचे, गडद रंगाचे, सैल सुती वस्त्र विरळ पांढऱ्या वस्त्रापेक्षा अधिक किरण अडवते आणि घामाने भिजलेले पातळ वस्त्र कमी अडवते, एवढी भर आपण त्यात घालू शकतो. सकाळी लवकर काम सुरू करून अकरा ते चार ही वेळ टाळणे हा सल्लाही बिनखर्चाचा आहे.

तेलांविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. २०१० साली रायपूर येथील संशोधकांनी काही वनस्पती तेलांचा एसपीएफ प्रयोगशाळेत मोजला, तेव्हा खोबरेल व ऑलिव्ह तेलाचा अंक ८ च्या आसपास आला. हा आकडा आज अनेक वेष्टनांवर व जाहिरातींत फिरताना दिसतो. परंतु ते मापन तेल मद्यार्कात विरघळवून प्रकाशमापक यंत्राने केलेले होते, मानवी त्वचेवर नव्हे. शिवाय एसपीएफचा अंक प्रति चौरस सेंटिमीटर २ मिलिग्रॅम इतका जाड थर गृहीत धरतो. घाम गाळीत काम करणाऱ्याच्या अंगावर तेलाचा असा थर टिकत नाही. खोबरेल हे उत्तम स्नेहन आहे. उन्हाचे कवच म्हणून ते देऊ नये.

यशद भस्म लोण्यात अथवा तेलात कालवून ‘घरगुती सनस्क्रीन’ करण्याची कल्पनाही अधूनमधून पुढे येते. यशद भस्म मुख्यत्वे झिंक ऑक्साईड आहे आणि झिंक ऑक्साईड किरण अडवते, हे खरे. पण खलात घोटलेल्या मिश्रणात कण गुठळ्या धरून राहतात, थर असमान बसतो आणि मिळणारे रक्षण मोजता येत नाही. रुग्ण मात्र रक्षण मिळाले असे समजून अधिक काळ उन्हात थांबतो. चेहरा व हात उघडे ठेवावेच लागत असतील, तर चाचणी झालेले, ३० किंवा अधिक एसपीएफ असलेले मलम सुचविण्यात कमीपणा नाही. सहा महिन्यांखालील बालकास मात्र सावली व वस्त्र हाच उपाय ठेवावा.

ऊन लागल्यानंतरच्या दाहात आपले शास्त्र खरोखर उपयोगी पडते. शतधौत घृत, चंदन-उशीराचा शीत लेप, ताज्या कोरफडीचा गर यांचा उपयोग तेथे निःसंकोच करावा. फोड, ज्वर, वमन अथवा भ्रम असल्यास तो केवळ त्वचेचा विषय नाही हे ओळखून उष्माघाताच्या दृष्टीने रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

वनस्पती आणि ऊन यांचा संयोग

काही वनस्पती उन्हाशी संयोग झाला की त्वचेवर तीव्र परिणाम करतात, हे आपल्या पूर्वाचार्यांना ठाऊक होते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सातव्या अध्यायात श्वित्राच्या रुग्णास मलपूचा रस देऊन बलानुसार सूर्यताप घ्यावयास सांगितले आहे आणि त्यामुळे उठणाऱ्या स्फोटांचे काय करावे हेही सांगितले आहे. बाकुचीतील सोरालेन हे द्रव्य याच तत्त्वाने कार्य करते. म्हणून बाकुचीचे तेल व चूर्ण हे वैद्याच्या देखरेखीत वापरावयाचे औषध आहे. ‘डाग जाण्यासाठी’ म्हणून ते काउंटरवरून सहज देऊ नये. फिकट डागावर काहीही देण्यापूर्वी तेथील स्पर्शज्ञान तपासून कुष्ठरोगाची शंका निरसन करावी.

लिंबाची सालही याच वर्गात मोडते. लिंबाची साल वा रस चोळून उन्हात गेल्यास एक-दोन दिवसांत दाह व फोड येतात आणि मागे उरलेला काळा डाग कित्येक महिने जात नाही. भौगोलिक मानांकन लाभलेली आपली मोसंबी या बाबतीत पुष्कळच सौम्य आहे. तरीही तिच्या सालीच्या तेलातील लिमोनीन हवेच्या संपर्काने जुने झाले की काहींच्या त्वचेस ॲलर्जी करते. सालीचे उटणे ताजे वाळवलेले असावे, रात्री वापरावे आणि धुऊन टाकावे.

येथे एक निदानभेदही लक्षात घ्यावा. ‘उन्हाची ॲलर्जी’ म्हणून येणाऱ्या शेतकऱ्याच्या पापण्या, मानेच्या वळ्या व कोपराचे खळगे अवश्य पाहावेत. तेथेही कंडू व जाड त्वचा असेल तर गाजरगवताचा विचार करावा. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात प्रथम आढळलेले हे तण आज बांधाबांधावर आहे. अशा रुग्णास शेवंतीसारख्या त्याच कुळातील फुलांचा लेप दिल्यास त्रास वाढू शकतो.

डास : कातडीपेक्षा घर महत्त्वाचे

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात मशकांचे पाच प्रकार व त्यांच्या दंशाची लक्षणे वर्णिली आहेत. कीटकनिवारणासाठी परंपरेचा मुख्य भर धूपनावर, म्हणजे घर व परिसर यांवर राहिला आहे. निंबपत्र, वचा, गुग्गुळ, सर्षप यांचा धूप आजही उपयुक्त आहे. मात्र तो माणसे बाहेर असताना खोलीत करावा. तमकश्वासाच्या रुग्णास व तान्ह्या बाळास धुरात ठेवू नये.

निंबतेलाविषयी आधार आहे, पण तो मर्यादित आहे. दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात खोबरेलात २ टक्के निंबतेल मिसळून लावले असता हिवतापाच्या ॲनाफिलीस डासांपासून १२ तास संरक्षण मिळाले. १०० मिलिलिटर खोबरेलात २ मिलिलिटर निंबतेल, असे हे प्रमाण होय. डेंग्यू पसरविणारा एडिस डास मात्र निराळा आहे आणि तो दिवसा चावतो. २००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात याच डासाविरुद्ध सुमारे २४ टक्के डीईईटी असलेल्या उत्पादनाने सरासरी ५ तास, सोयाबीन तेलावर आधारित उत्पादनाने सुमारे दीड तास, तर सिट्रोनेलाच्या उत्पादनांनी २० मिनिटांहूनही कमी संरक्षण दिले. तेव्हा डेंग्यूची साथ असताना ‘सकाळी एकदा सिट्रोनेला लावा’ हा सल्ला रुग्णास वाऱ्यावर सोडण्यासारखा आहे.

आपल्या जिल्ह्यात या प्रश्नाचे मूळ पाण्याच्या टंचाईत आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात येथील मोसंबीच्या बागा वाळल्या, हे कोणी विसरलेले नाही. नळाला पाणी दिवसांच्या अंतराने येत असेल तर घरोघरी पिंप, रांजण व टाक्या भरून ठेवल्या जातात आणि एडिसची पैदास अशाच स्वच्छ साठवलेल्या पाण्यात होते. अंड्यापासून डास होण्यास उष्ण हवेत आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस, पिंपावर घट्ट कापड, दुपारी झोपणाऱ्या बाळालाही मच्छरदाणी, हे प्रत्येक तेलाच्या बाटलीबरोबर तोंडी द्यावयाचे अनुपान समजावे.

बालकांच्या बाबतीत

खोबरेलात कापूर घालून बाळाच्या छातीला व अंगाला चोळण्याची चाल आपल्याकडे घराघरांत आहे. कापूर त्वचेतून व श्वासातून शोषला जातो आणि अर्भकास त्याने आक्षेपक येऊ शकतात. जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्या बालकात रक्तपेशींचा नाश होण्याचाही धोका असतो. नीलगिरी तेलही लहानांसाठी निरुपद्रवी नाही. निंबतेल पोटात गेल्याने बालकांत यकृत व मेंदूवर गंभीर परिणाम झाल्याची नोंद १९८१ साली मलेशियातून प्रसिद्ध झाली. बाळ हात चोखते हे लक्षात घेऊन त्याच्या हातांना कोणतेही डासरोधक तेल लावू नये. बाटलीवर ‘केवळ बाह्य उपयोगासाठी, मुलांपासून दूर ठेवा’ हे मराठीत ठळक लिहावे.

निर्मिती व विक्री

घरगुती द्रव्याच्या टिकाऊपणाचा नियम सोपा आहे. कोरडे चूर्ण, तेल व मेण टिकते, पाणी मिसळले की जंतूंची वाढ होते. कोरफड, काकडी वा दह्याचा लेप त्याच दिवशी संपवावा. शतधौत घृतातही पाण्याचा अंश राहतो, म्हणून ते थोडे करावे व स्वच्छ चमच्याने काढावे. टाचांच्या भेगांसाठी १ भाग मेण व ५ ते ६ भाग तिळतेल यांचे मलम दीर्घकाळ चांगले राहते. कोणतेही नवे द्रव्य आधी कोपराच्या आतल्या बाजूस लावून दोन दिवस पाहावे.

कायद्याची बाजूही ध्यानात असू द्यावी. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० च्या कलम ३३ ईईसीनुसार स्वतःच्या रुग्णांसाठी आयुर्वेदीय औषध तयार करणाऱ्या वैद्यास निर्मिती परवान्यातून सूट आहे. ही सूट रुग्णापुरतीच आहे. तेच तेल बाटलीत भरून, नाव देऊन औषधालयाच्या मांडणीवर ठेवले की परवाना आवश्यक ठरतो. औषधालयचालकाने परवाना क्रमांक, घटक, तुकडी क्रमांक व मुदत नसलेला माल घेऊ नये. चाचणीविना एसपीएफचा अंक छापलेला माल तर ‘नैसर्गिक’ असला तरी परत करावा.

वैद्यबंधू-भगिनींना व औषधालयचालकांना आमची विनंती आहे की, येत्या हंगामात त्वचेसाठी काहीही देताना ग्राहकास एकच प्रश्न विचारावा : हे आपणांस पोषणासाठी हवे, उन्हासाठी हवे की डासांसाठी? पोषणासाठी लेप व अभ्यंग द्यावे, उन्हासाठी छत्र व वस्त्र सांगावे, डासांसाठी मच्छरदाणी व कोरडा दिवस सांगून मगच तेल द्यावे. हा प्रश्न विचारण्यास अर्धा मिनिटही लागत नाही. मोसंबीच्या बागेत राबणाऱ्या मजुराचा भाजलेला चेहरा किंवा तान्ह्या बाळाचा आक्षेपक त्याने टळत असेल, तर औषधालयाच्या दारी दिलेले ते सर्वांत स्वस्त औषध ठरेल.