‘सध्या काय करतोस?’ (लेखांक ९)

गेल्या आठवड्यात औषधांविषयी लिहिलं. स्किझोफ्रेनियात औषधांमुळे कानातले आवाज मंदावतात, संशय ओसरतो. निरुत्साह, तुटक बोलणं, कोरा चेहरा यांवर मात्र त्यांचा फारसा उपाय चालत नाही. त्यात आजार बहुधा ऐन तारुण्यात गाठतो. बरोबरीची मुलं कट्ट्यावर गप्पा ठोकत, मुलाखती देत ज्या वयात चारचौघांत वावरायला शिकतात, ती वर्षं आजारपणात जातात. मग घरचे म्हणतात, ‘गोळ्या वेळेवर घेतो, तरी घुम्यासारखा बसून असतो!’

हे वावरणं शिकवता येतं. अमेरिकेत रॉबर्ट लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची पद्धत बसवली: कौशल्याचे छोटे तुकडे करायचे, शिकवणाऱ्याने करून दाखवायचं, मग शिकणाऱ्याने. उपदेश वर्ज्य.

समजा, अशा प्रशिक्षणाच्या गटात आजचा विषय आहे लग्नात भेटणारे काका. ते हमखास विचारणार, ‘सध्या काय करतोस?’ या एका प्रश्नापायी कितीतरी शुभार्थी, म्हणजे हा आजार असलेली माणसं, लग्नकार्यं टाळतात. फळ्यावर तीन गोष्टी लिहिलेल्या असतात. काकांकडे बघायचं, एका वाक्यात उत्तर द्यायचं, आणि आपण उलट काहीतरी विचारायचं. ‘बाबांना दुकानात मदत करतो. तुम्ही कधी आलात?’ आधी प्रशिक्षक पुतण्या होतो, मग शुभार्थी. पहिल्या खेपेला तो जमिनीकडे बघत ‘काही नाही’ म्हणतो. गट आधी चांगलं ते सांगतो: आवाज स्पष्ट होता. मग दुरुस्ती एकच, नजर वर. पुन्हा करायचं. तेवढ्यात काका झालेल्याला चेव येतो, ‘आणि लग्नाचं काय?’ सगळे हसतात. पण हा प्रश्नही येणारच, म्हणून ‘ते राहू द्या काका, जेवलात का?’ याचीही तालीम होते. आजाराबद्दल सांगायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

पाश्चात्त्य पुस्तकं नजरेला नजर भिडवायला सांगतात. आपल्याकडे वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांत रोखून बघणं उर्मटपणाचं वाटतं, तेव्हा चेहऱ्याकडे बघितलं तरी भागतं.

आजारात लक्ष आणि स्मरणही कमी पडतं, म्हणून एकच कौशल्य अनेक बैठकांत घोटून घ्यावं लागतं. शिवाय वर्गात जमलेलं बाहेर आपोआप जमत नाही. त्यासाठी गृहपाठ असतो: वाण्याकडे जाऊन ‘जाडे पोहे नकोत, पातळ द्या’ म्हणायचं, एवढाच. आणि घोडं अडतं ते इथेच, बहुतेकदा शुभार्थीमुळे नव्हे. तो तोंड उघडायच्या आत शेजारी उभी असलेली आई सांगून मोकळी होते, ‘अर्धा किलो पातळ पोहे द्या हो.’ मायेपोटीच, पण गृहपाठ आईचा होतो. तिने दुकानाबाहेर थांबावं. जाडे पोहे घरी आले तर त्यांचेच कांदेपोहे करावेत आणि पातळ आणायला पुढच्या वेळी त्यालाच धाडावं.

(पुढील लेखांकात : नोकरीचा पहिला महिना)