डूममधल्या पिंपाची मागची बाजू

1993 सालच्या 'डूम' या व्हिडिओ गेममधलं हिरव्या रसायनाचं पिंप आठवतं? त्याला मागची बाजूच नव्हती. ते होतं जेमतेम तीसेक पिक्सेल उंचीचं सपाट चित्र, खेळाडू जाईल तिकडे तोंड फिरवणारं. राक्षसांची निदान आठ बाजूंनी चित्रं होती. पिंपं आणि दिवे एकाच बाजूवर भागवत.

1997 मध्ये गेमचा सोर्स कोड खुला झाला आणि हौशी कलाकारांनी याच वस्तू त्रिमितीत घडवायला घेतल्या. अशा कामात आधी भरमसाट छोटे त्रिकोण जोडून मॉडेल बनवता येतं: पत्र्याचे पोचे, कडेचा गंज, सगळं त्यात. ते गेमला पेलत नाही. म्हणून मोजक्या त्रिकोणांच्या साध्या पिंपावर त्या मॉडेलवरून काढलेलं 'नॉर्मल मॅप' नावाचं चित्र चढवतात. या चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगतो, की पृष्ठभाग तिथे कुठल्या दिशेला कललाय. उजेडाचा हिशेब त्यावरून होतो आणि सपाट पत्र्यावर पोचा दिसू लागतो. ही युक्ती मला फार सुंदर वाटते.

कसोटी मात्र नजरेची. मूळ चित्रातले चार करडे ठिपके म्हणजे पट्टी की सावली, हे कलाकारालाच ठरवावं लागतं. शिवाय कितीही बारकावे भरले तरी पिंप दुरून चटकन ओळखू आलं पाहिजे. कारण गोळ्या लागल्या की ते फुटतं आणि जवळ उभ्या असलेल्याचा जीव घेऊ शकतं.