टोपणनाव आणि लेखिकेचे व्यक्तित्व : विभावरी शिरूरकर

लेखकाने टोपणनाव घेणे ही वाङ्मयेतिहासात नवी गोष्ट नव्हे. फ्रेंच कादंबरीकर्त्री ऑरोर द्यूपँ यांनी १८३२ साली ‘इंदियाना’ ही कादंबरी ‘जॉर्ज सांद’ या पुरुषी नावाने प्रसिद्ध केली. मराठीत १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला, तो मात्र ‘विभावरी शिरूरकर’ या स्त्रीच्याच नावाने. हा भेद अर्थपूर्ण आहे. सांद यांनी लेखिकेचे स्त्रीत्व झाकले. विभावरींनी स्त्रीत्व पुढे ठेवून केवळ व्यक्ती झाकली.

ही व्यक्ती म्हणजे बाळूताई खरे. त्यांचा जन्म १९०५ साली घोडनदी, म्हणजेच शिरूर, येथे झाला. ‘शिरूरकर’ या आडनावात जन्मग्रामाची खूण राहिली. ‘विभावरी’ म्हणजे रात्र. शिक्षण महर्षी कर्व्यांच्या संस्थेत झाले आणि पुढे तेथेच त्यांनी अध्यापन केले. ‘अलंकारमंजूषा’ (१९३१) आणि सहलेखनातून सिद्ध झालेले ‘हिंदुव्यवहारधर्मशास्त्र’ (१९३२) हे शास्त्रीय ग्रंथ त्यांच्या स्वतःच्या नावावर आहेत. तेव्हा आडपडद्याची गरज लेखनाला नव्हती, ललित लेखनाला होती, असे अनुमान निघते. सुशिक्षित, अविवाहित, घरचा भार वाहणाऱ्या मुलींची मनोव्यथा आणि कामभावना शिक्षिकेने उघडपणे लिहिणे त्या काळी उपजीविकेवर बेतणारे होते. संग्रहावर उठलेल्या वादळाने ही भीती खरी ठरली. पुढील वर्षी आलेल्या ‘हिंदोळ्यावर’ या कादंबरीत पतीने टाकलेल्या स्त्रीचा प्रश्न त्यांनी अधिक धीटपणे मांडला.

१९३८ साली विश्राम बेडेकर यांच्याशी विवाह होऊन त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. सोलापूरच्या तथाकथित गुन्हेगार जमातींच्या वसाहतीत त्यांनी अधिकारी म्हणून काम केले होते. त्या अनुभवातून ‘बळी’ (१९५०) ही कादंबरी उतरली. ‘शबरी’पर्यंत ‘विभावरी शिरूरकर’ हेच नाव टिकले. लेखिका कोण, हे सर्वश्रुत झाल्यावर पडद्याचे प्रयोजन उरले नव्हते. तरीही नाव राहिले. आरंभी आश्रय म्हणून घेतलेले नाव अखेरीस त्यांची वाङ्मयीन ओळख बनले. २००१ साली त्यांचे निधन झाले.

म्हणून या लेखनाचा अभ्यास करताना लेखिकेच्या खासगी जीवनाचे पुरावे कथांतून शोधण्यापेक्षा, ज्या समाजाने तिला नाव झाकावयास लावले त्या समाजाचा शोध घेणे अधिक फलदायी ठरेल.