एका मेलमध्ये एकच मागणी
(कामाचं लेखन : लेखांक 6)

मागच्या लेखांकात ईमेलच्या विषयाची ओळ कशी असावी ते पाहिलं. आज मजकुराकडे वळू.

नाशिकजवळ गोवर्धनला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं मुख्यालय आहे. 1989 मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे विद्यार्थी राज्यभर पसरलेले आहेत. नोकरी, शेती, संसार सांभाळून शिकणारे. गुणपत्रिकेतल्या एका चुकीसाठी गडचिरोलीहून नाशिक गाठणं अनेकांना परवडत नाही. त्यांची बाजू मांडायला तिथे त्यांचा मेलच असतो.

समजा, एका विद्यार्थिनीनं लिहिलं : ‘महोदय, मी आपल्या विद्यापीठाची विद्यार्थिनी असून मला निकालाबाबत फार अडचण आली आहे. तरी कृपया लवकरात लवकर लक्ष द्यावे, ही नम्र विनंती.’ विनय भरपूर आहे, माहिती नाही. नोंदणी क्रमांक कोणता, विषय कोणता, अडचण काय, हे सगळं उलट विचारावं लागणार. समोर शेकडो मेल असताना असा मेल मागे पडतो.

आता हे वाचा : ‘बी.ए. द्वितीय वर्षाच्या इतिहासाच्या पेपरला मी हजर होते. गुणपत्रिकेवर गैरहजर असं आलं आहे. कृपया दुरुस्त गुणपत्रिका मिळावी. नोकरीच्या कागदपत्र पडताळणीसाठी ती 20 जूनपर्यंत हवी आहे. हॉल तिकीट आणि गुणपत्रिका सोबत जोडली आहे.’ खाली नाव, कायम नोंदणी क्रमांक, अभ्यासकेंद्र, मोबाइल. काय झालं, काय हवं, कधीपर्यंत आणि पुरावा काय, चारही गोष्टी आल्या. वाचणारा लगेच कामाला लागू शकतो.

याच मेलमध्ये शुल्क परताव्याचीही मागणी घातली तर? गुणपत्रिका परीक्षा विभागाचं काम, परतावा वित्त विभागाचं. एक विभाग आपला भाग उरकतो आणि दुसरी मागणी तिथेच राहते. म्हणून दोन मागण्यांचे दोन मेल करावेत. तसंच दिसेल त्या प्रत्येक अधिकाऱ्याला प्रत पाठवू नये. दुसरा कोणी बघेल, असं सगळ्यांनाच वाटतं.

महाराष्ट्रात 2012 मध्ये माहिती अधिकाराच्या अर्जाला एक विषय आणि 150 शब्द अशी मर्यादा घालण्यात आली. कार्यकर्त्यांनी तिला विरोध केला आणि तो रास्त होता. हक्काला शब्दांचं कुंपण नसावं. पण मेल लिहिताना हेच माप आपण आपणहून पाळलं, तर फायदा आपलाच आहे.

ज्याची ओळख नाही, ज्याला कचेरीत खेटे घालणं जमत नाही, त्याला नेमकं लिहिता येणं सर्वांत गरजेचं आहे. ओळखीवाल्याचं काम फोनवर होतं. बाकीच्यांचं काम त्यांच्या शब्दांनाच करावं लागतं. शाळेत अर्जलेखन शिकवताना मायन्यापेक्षा या नेमकेपणावर अधिक वेळ द्यायला हवा.

पुढच्या आठवड्यात : उत्तर आलंच नाही, तर स्मरणपत्र कधी आणि कसं लिहावं?