सूर्यकाठची कारंजी

22 जानेवारी 1898 च्या दुपारी खग्रास सूर्यग्रहणाची छाया विजयदुर्गाजवळ किनाऱ्याला लागली आणि सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरवरून वऱ्हाडाकडे गेली. विजयदुर्गावर खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांचा तळ होता, वऱ्हाडातल्या तळणीला जॉन एव्हरशेड होते. जेऊरला पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला उपकरणे मांडून बसले होते. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून त्यांनी पुण्यात तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली होती. त्या काळी देशात सर्वांत मोठी असलेली 20 इंची दुर्बीण तिथे होती. नायगमवाला 1912 मध्ये निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. महाराष्ट्रातल्या सूर्यअभ्यासाचा धागा तिथे तुटला, याची हळहळ मला आजही वाटते.

ग्रहणासाठी एवढी धावपळ कशाला? तर सूर्याचा वर्णगोल एरवी डोळ्यांना दिसतच नाही. आपल्याला दिसतो तो त्याखालचा दीप्तिगोल, साडेपाच हजार अंश सेल्सिअसचा. त्याच्या झगमगाटापुढे वरचा विरळ थर हरवून जातो. खग्रास अवस्था सुरू होताना आणि संपताना, मोजक्या सेकंदांसाठी, तो लालसर काठ उजळतो. वर्णपटदर्शकाने ही अडचण दूर केली. हायड्रोजनचा 656.3 नॅनोमीटरचा लाल प्रकाश तेवढा वेगळा काढला, की ग्रहण नसतानाही वर्णगोल पाहता येतो. रोममध्ये आंजेलो सेक्की यांनी 1870 च्या दशकात असे वेध घेतले, तेव्हा सूर्याची कड गुळगुळीत नसून बारीक धारांनी भरलेली आहे असे त्यांना आढळले. रब्बीत वाऱ्यावर डोलणाऱ्या ज्वारीच्या रानासारखी ती कड दिसते: प्रत्येक ताट वेगळे, थोडे कललेले. या धारांना स्पिक्युल म्हणतात. जाडी साधारण 300 ते 500 किलोमीटर, उंची पाच ते दहा हजार किलोमीटर. सेकंदाला वीस-तीस किलोमीटर वेगाने वायू वर चढतो आणि पाच-दहा मिनिटांत धार विरते किंवा खाली येते.

एवढ्या अल्पायुषी धारांमागे माणसे दीडशे वर्षे का लागली आहेत, हे समजून घ्यायला हवे. सौरवाऱ्यातून सूर्य जेवढे द्रव्य अवकाशात सोडतो, त्याच्या सुमारे शंभरपट द्रव्य या धारा वर नेतात. बहुतेक परत कोसळते. पण त्यातला अल्पसा भाग जरी वर राहिला आणि तापला, तरी एका जुन्या कोड्याला हात घालता येतो. दीप्तिगोलापासून दूर गेल्यावर तापमान उतरायला हवे, प्रत्यक्षात प्रभामंडलात, म्हणजे सूर्याच्या सर्वांत बाहेरच्या थरात, ते दहा लाख अंशांच्याही वर जाते. ती उष्णता कोण पोहोचवते?

2004 मध्ये बार्ट द पोंत्यू आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की सूर्यपृष्ठाची पाच मिनिटांची धडधड कललेल्या चुंबकीय रेषांवरून वर झिरपते आणि धक्कातरंग होऊन वायूला उसळवते. मग 2007 मध्ये जपानच्या हिनोदे उपग्रहाच्या चित्रांतून दुसराच प्रकार समोर आला. या धारा दुप्पट-तिप्पट वेगाच्या, एक-दोन मिनिटांत नाहीशा होणाऱ्या, आणि पुष्कळदा खाली परतताना न दिसणाऱ्या. त्या कशा सुटतात यावर अजून एकमत नाही. 2017 च्या एका प्रतिरूपात वर्णगोलातल्या विद्युतभाररहित कणांना महत्त्व मिळाले: त्यांच्यामुळे चुंबकीय ताण वर निसटतो आणि तिथे झटक्यात मोकळा होतो. तन्मय सामंता आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बिग बेअरच्या वेधांवरून सांगितले, की विरुद्ध ध्रुवांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना भिडतात त्या जागी धारा उठतात. मला सर्वांत आवडलेले काम बंगळुरूचे. भारतीय ताराभौतिकी संस्थेच्या पियाली चॅटर्जी आणि त्यांच्या गटाने 2022 मध्ये संगणकी प्रतिरूपांना साध्या प्रयोगाची जोड दिली. लाऊडस्पीकरवर पॉलिमरचे द्रावण ठेवून कंपने दिली, की उभ्या धारांचे दाट रान उठते. द्रावणातल्या लांब साखळ्या धारेला तुटू देत नाहीत. सूर्यावर तेच काम चुंबकीय क्षेत्र करते.

पुण्याचा तुटलेला धागा पुन्हा जुळला तो आदित्य-एल1 मुळे. 2 सप्टेंबर 2023 ला श्रीहरिकोट्याहून सुटलेले हे यान 6 जानेवारी 2024 ला पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरच्या कक्षेत स्थिरावले. त्यावरची सूट ही दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत, दुर्गेश त्रिपाठी आणि ए. एन. रामप्रकाश यांच्या नेतृत्वाखाली घडली. 200 ते 400 नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात, अकरा गाळण्यांमधून, ती सूर्याची संपूर्ण तबकडी टिपते. यातला बराचसा प्रकाश ओझोनमुळे जमिनीवर पोहोचतच नाही. मात्र तिच्या चित्रातला एक ठिपका सूर्यावरच्या सुमारे 500 किलोमीटरएवढा आहे, म्हणजे सुटी धार तिला वेगळी दिसणार नाही. हवाईतली चार मीटरची इनोये दुर्बीण 30 किलोमीटरपर्यंतचे तपशील पाहते, पण तबकडीचा अगदी छोटा तुकडाच. म्हणून दोन्ही नजरा एकाच वेळी लागतात, आणि आयुकाच्या दुर्बिणीचे मोल मला इथेच दिसते.

लातूर जिल्ह्यातल्या जळकोटहून यातले काय पाहता येईल? हायड्रोजनच्या लाल प्रकाशाची गाळणी असलेली 40 मिलिमीटरची छोटी सौरदुर्बीण तीन हजार किलोमीटरपेक्षा लहान काही वेगळे करत नाही. तरी कडेची केसाळ झालर आणि तिच्यावर उठलेल्या ज्वाळा दिसतात. सकाळी लवकर बघावे. काळी जमीन तापली की हवा थरथरू लागते आणि ती झालर पुसली जाते. उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागर तलावातल्या बेटावर आहे ती याच कारणाने. पाण्यावरची हवा शांत राहते. योग्य गाळणीशिवाय दुर्बीण सूर्याकडे वळवू नये, क्षणभरही नाही.

लातूरच्या शिकवण्यांकडे जाणाऱ्या मुलामुलींपुढे डॉक्टर किंवा इंजिनिअर एवढ्याच दोन वाटा ठेवल्या जातात, हे मला मनापासून खटकते. आदित्य-एल1 ची निरीक्षणे जानेवारी 2025 पासून इस्रोने सर्वांसाठी खुली केली आहेत. जळकोटच्या महाविद्यालयातला भौतिकशास्त्राचा विद्यार्थी ती उतरवून घेऊ शकतो, मॅग्नेशियमच्या 280 नॅनोमीटर प्रकाशातली लागोपाठची चित्रे जुळवू शकतो आणि सूर्यावर पसरलेल्या चुंबकीय जाळ्याची उजळ ठिकाणे कशी बदलतात हे मोजू शकतो. धारांची दाटी त्याच जाळ्याच्या कडांवर असते.