जामनगरचा सागर : पाऊल जपून टाकावे असे तीर्थाटन

जामनगरची ओळख आपल्या समाजाला आहे ती चांदी बाजारातील जिनमंदिरांमुळे. १७व्या शतकातील वर्धमान शाह, रायसी शाह या श्रेष्ठींची नावे या मंदिरांशी निगडित आहेत. दर्शन, पूजा आणि बांधणीची खरेदी आटोपली की बहुतेक यात्रेकरू द्वारकेकडे अथवा पालिताण्याकडे वळतात. भारतातील पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान याच किनाऱ्यालगत आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. कच्छच्या आखाताचा हा दक्षिण किनारा १९८० साली अभयारण्य झाला आणि १९८२ मध्ये त्यातील काही भागास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. ४२ बेटे, तिवरांची झाडी आणि प्रवाळ ही येथील संपत्ती होय.

प्रवाळ पाहण्यासाठी अन्यत्र पाण्यात बुडी मारावी लागते. वाडीनारजवळील नरारा येथे मात्र ओहोटीच्या वेळी समुद्र दूरवर मागे सरतो आणि त्याच्या तळावरून पायी फिरता येते. उथळ डबक्यांतून खेकडे, समुद्रफुले, क्वचित ऑक्टोपस दिसतो. भीती वाटताच चेंडूसारखा फुगणारा मासाही येथे आढळतो. वाटाड्याने तो हातावर घेऊन दाखवावा, असा काही पर्यटकांचा आग्रह असतो. तो फुगतो तो जिवाच्या भयाने. आपल्या मुलाबाळांच्या मनोरंजनासाठी त्याला भयभीत करणे आपल्याला शोभत नाही, हे स्पष्ट सांगावेसे वाटते.

पाठशाळेत ‘जीवविचार’ शिकलेल्यांना आठवेल की त्यात शंख व कवडी द्वीन्द्रिय जीवांत येतात, तर विद्रुम म्हणजे पोवळे पृथ्वीकायात गणले आहे. आधुनिक जीवशास्त्र प्रवाळाला अतिसूक्ष्म प्राण्यांची वसाहत मानते. वर्गीकरणाचा हा भेद विद्वानांनी अवश्य चर्चावा. परंतु दोन्ही मतांनी तेथे जीव आहेच, आणि एका बेसावध पावलाने मोडलेला प्रवाळ पुन्हा वाढण्यास कित्येक वर्षे लागतात. साधुसाध्वींची ईर्यासमिती म्हणजे काय, हे नराऱ्याच्या तळावर श्रावकालाही उमगते. वाळूचा अथवा मृत खडकाचा भाग पाहूनच पाऊल टाकावे, वाटाड्याच्या मागोमाग चालावे, आणि रिकामा दिसणारा शंखही उचलू नये. त्यात बहुधा एखाद्या खेकड्याचे बिऱ्हाड असते.

प्रवेशासाठी वनखात्याची परवानगी लागते. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते; अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी अधिक मागे जाते. म्हणून पंचांग पाहूनच दिवस ठरवावा. पिरोटन बेट सुंदर खरे, पण तेथे होडीने जावे लागते व वेळ भरतीच्या हाती असते. वृद्धांसमवेत नराराच बरे.

पक्ष्यांसाठी खिजडिया गाठावे. संस्थानकाळातील बांधामुळे तेथे एका बाजूस गोडे, दुसऱ्या बाजूस खारे पाणी आहे, म्हणून दोन्ही प्रकारचे पक्षी एकाच ठिकाणी दिसतात. २०२२ मध्ये या स्थळाचा रामसर दर्जा जाहीर झाला. हिवाळ्यातील सकाळ उत्तम. शहरातील लाखोटा तलाव सायंकाळी पाहता येईल.

मुंबईहून ओख्याला जाणारी सौराष्ट्र मेल जामनगरला थांबते. नरारा शहरापासून सुमारे ६० किलोमीटर आहे. चौविहार पाळणाऱ्यांनी दुपारची ओहोटी असेल त्या दिवशी शिदोरी व उकळलेले पाणी बरोबर न्यावे, कारण परतताना वाटेतच सूर्यास्त होतो.